अडॅप्टर, जावईबापू आणि मधल्या तीन भिंती

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या मागे फारसं कुणी डोकावत नाही. तिथे वायरींचा गुंता असतो आणि महिनोन्‌महिने साचलेली धूळ असते. पनवेलजवळच्या एका तिमजली घरात, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत, अशाच एका गुंत्यात मी गेली तीन वर्षं राहतोय. मी वाय-फाय अडॅप्टर. राउटरनं हवेत सोडलेलं इंटरनेट पकडायचं आणि कॉम्प्युटरच्या हवाली करायचं, एवढंच माझं काम. अंगानं मी काडेपेटीएवढा आहे आणि डोक्यावर दोन अँटेना आहेत. डावी एकदा झाडू लागून खिळखिळी झाली, तेव्हापासून तिला दोरा बांधलाय. माझं तोंड कायम भिंतीकडे असतं. तरी या घरातलं मला बरंच माहीत आहे, कारण बोललेलं ऐकू येतं आणि कॉम्प्युटरवरून पाठवलेलं सगळं माझ्यातूनच जातं.

माझी एक खुबी आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी राउटरशी दोन बँडवर, म्हणजे दोन वेगवेगळ्या लहरींवर, बोलू शकतो. एक टू पॉइंट फोरचा. तो जरा सावकाश चालतो, पण भिंती पार करून येतो. दुसरा फाइव्हचा. तो सुसाट पळतो, पण मध्ये भिंत आली की त्याचा दम तुटतो. दोन्ही जमतात म्हणून मला ड्युअल बँड म्हणतात. खोक्यावर हे भल्यामोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, पण खोक्यावरचं कोण वाचतं?

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला एका भोकात खुपसलं, हिरवा दिवा लागला, तिनं मला काढून पुढे सरकवलं. मग बंद कंटेनरमधून न्हावा-शेवा, आणि तिथून पनवेलच्या बाजारात हेतलबेनचं दुकान. तिथे काचेच्या कपाटात मी आठ महिने पडून होतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या दुकानात ऐकण्यासारखं खूप असायचं.

हेतलबेनची एक सवय होती. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ती आधी घराची चौकशी करायची आणि मगच वस्तू काढायची. पुष्कळ लोक वैतागून शेजारच्या दुकानात जायचे. ती त्यांना थांबवायची नाही.

एके दिवशी साठीचा एक माणूस आणि त्याची सून असे दोघे दुकानात आले. माणसाचं नाव तुळशीराम. जन्म मिठागरात गेलेला, त्यामुळे पाय अजून खरबरीत. जमीन विमानतळात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर तीन मजले चढले. वरचे दोन भाड्यानं दिलेले. सुनेचं नाव समृद्धी. तिचा नवरा प्रणित जहाजावर नोकरीला होता, वर्षातले सात-आठ महिने समुद्रावरच असायचा.

"त्यो मोठ्या शिंगांचा द्या," तुळशीराम माझ्याहून दुप्पट अँटेनावाल्या एकाकडे बोट दाखवत म्हणाला. "माज्या सुनंचं काम हाय."

"काका, शिंगं नंतर. आधी घर सांगा. राउटर कुठे, कॉम्प्युटर कुठे, मध्ये काय काय?"

समृद्धीनं पर्समधून एका लग्नपत्रिकेची घडी काढली. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तिनं घराचा नकाशा काढून आणला होता. पुढे हॉल, तिथे राउटर. मागे तिची खोली, तिथे कॉम्प्युटर. मध्ये स्वयंपाकघराची भिंत, मग न्हाणीघराची टाइल्सची भिंत, मग कोठीची. हेतलबेननं पेन घेऊन तिन्ही भिंतींवर एकेक फुली मारली.

"खरं सांगू? वायर ओढली तर सगळ्यात बेस्ट."

"नव्या घराला भोक पाडू? नाय!" तुळशीराम केवढ्यानं तरी ओरडला. शेजारच्या दुकानातले लोक बघायला लागले.

मग हेतलबेननं आम्हा तिघा अडॅप्टरांना काउंटरवर मांडलं. एक नखाएवढा छोटा, तो म्हणे जवळ बसणाऱ्यांसाठी ठीक. एक कार्ड, ते कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, म्हणजे अँटेना टेबलाखाली, भिंतीला चिकटून. आणि मी. "याला वायरनं जोडून टेबलावर ठेवता येतं. कॉम्प्युटरला मागे निळं, म्हणजे फास्टवालं, यूएसबी आहे ना? मग झालं. आणि ताई, यात दोन्ही बँड आहेत. तुमच्या खोलीत फाइव्ह धड पोचणार नाही. टू पॉइंट फोर पोचेल, आणि तुमच्या व्हिडिओला तो पुरतो. राउटरवर दोन्ही चालू ठेवा, हा बरोबर निवडेल."

समृद्धीनं मोबाईलवरचा फोटो दाखवला. निळं यूएसबी होतं. तिनं मला उचललं. एवढ्या चौकशीनं आपल्याला कुणी घरी नेतंय, याचं मला बरं वाटलं. हे कबूल करायला हरकत नाही.

आता समृद्धीचं काम सांगतो. तिचं माहेर आपटा गावचं. तिचा थोरला भाऊ निनाद जन्मापासून बहिरा, त्यामुळे ती बोलायला शिकली तेव्हापासूनच हातांनीही बोलायला शिकली. पुढे तिनं खुणांच्या भाषेचा रीतसर अभ्यास केला. एक संस्था इस्पितळांना व्हिडिओवरून दुभाषी पुरवायची. बहिरा पेशंट तिकडे डॉक्टरांसमोर, समृद्धी इकडे पडद्यावर. पेशंटचे हात ती डॉक्टरांना बोलून सांगणार, डॉक्टरांचं बोलणं पेशंटला हातांनी. तिची एक महिन्याची चाचणी होती. चित्र गोठून कॉल मोडला तर तिच्या नावापुढे एक लाल खूण. अशा तीन खुणा झाल्या की काम बंद. बी.एड. होऊन सहा वर्षं घरात बसलेल्या बाईला हे पहिलंच काम मिळालं होतं, आणि ते तिला जिवापाड हवं होतं.

मी घरी आलो त्या रविवारी जावईबापू जेवायला आले.

तुळशीरामच्या मुलीचा नवरा अवधूत. खारघरला राहतो, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. माणूस वाईट नाही. पण या घरात जावई म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. तळ्यातला मोठा जिताडा मासा खास त्याच्यासाठी धरून आणला होता आणि सगळ्यात मोठी तुकडी तुळशीरामची बायको गोदू हिनं त्याच्याच ताटात वाढली. जावयानं लावलेली वस्तू इथे हलवायची नसते. त्यानं एकदा हौसेनं भिंतीवर घड्याळ लावलं, ते दाराच्या मागे. तेव्हापासून हे लोक वेळ बघायची झाली की दार अर्धं लोटून मान वाकडी करतात, पण घड्याळ हलवत नाहीत.

तर जेवण झाल्यावर अवधूतनं बाह्या सारल्या. राउटर त्यानं हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये नीट मांडला. मोबाईलवर बरीच बटणं दाबली. स्वतःचा पासवर्ड घातला.

"मामा, टू पॉइंट फोर बंदच करून टाकला. आजूबाजूच्या सगळ्या भाडेकरूंच्या वाय-फायची त्याच्यावरच गर्दी आहे. फाइव्ह एकदम क्लीन आहे."

मग त्यानं हॉलमध्ये उभं राहून स्पीड मोजला. आकडा असा आला की गोदूनं "अगं बाय!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मागच्या खोलीत जाऊन मोजावं असं कुणालाच सुचलं नाही. समृद्धी तेव्हा स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मी पलीकडून ओरडून सांगितलंही असतं, पण ओरडायला मला जो बँड लागतो तोच त्यानं बंद केला होता.

पुढच्या आठ दिवसांत दोन लाल खुणा झाल्या.

पेशंटची गोष्ट खासगी असते, म्हणून समृद्धी दार लावून बसायची. तीन भिंती होत्याच, त्यात एक दार वाढलं. बोलणं कसंबसं पोचायचं, पण चित्र अडकायचं. नुसत्या बोलण्यानं इतरांचं भागतं. हातांनी बोलणाऱ्याचं मात्र चित्र थांबलं की वाक्यच तुटतं. ती मला डावीकडे वळवायची, उजवीकडे वळवायची, एकदा डब्यावर ठेवून बघितलं. मोबाईलवरून काम करायला संस्थेची परवानगी नव्हती. संस्थेच्या वल्लरी मॅडमनी फोन करून सांगितलं, "समृद्धी, तुझे हात फार छान आहेत गं. पण अजून एक कट झाला तर माझा नाइलाज आहे."

"अवधूतदादांना विचारू या का? त्यांनीच काहीतरी..." ती सासऱ्याला म्हणाली.

"जावयाला सांगू, तुमचं चुकलं म्हून? उद्या लेकीला काय ऐकून घ्यावं लागंल?"

आणि त्याच संध्याकाळी अवधूतचा फोन आला, तेव्हा गोदूच काय, तुळशीरामही म्हणाला, "एक नंबर चाललाय, जावईबापू!"

मग दोष कुणाचा? माझा. मला डबडं म्हणाले, भंगार म्हणाले, हेतलबेनच्या नावानं शिमगा झाला. मला राग येत नाही. मी फार तर गरम होतो. मंगळवारी सकाळी तुळशीरामनं मला उपटलं, पिशवीत कोंबलं आणि बदलून घ्यायला बाजारात नेलं.

हेतलबेननं मला तिच्या कॉम्प्युटरला लावून बघितलं. मी ठणठणीत होतो. मग तिनं तुळशीरामला दोन-चार प्रश्न विचारले. राउटरला कुणी हात लावला का, काही बंद केलं का.

"काका, वस्तू बरोबर आहे. राउटरवर टू पॉइंट फोर बंद आहे. तो चालू करायला दोन मिनिटं लागतात. ज्यानं बंद केलाय त्याला सांगा."

"आनि ज्यानं बंद केला तो जावई आसंल तर?"

हेतलबेन हसली नाही. "तर जावयाला सांगा," ती म्हणाली.

तुळशीराम दुकानाबाहेर बराच वेळ उभा होता. मी पिशवीत होतो, मला त्याचे सुस्कारे ऐकू येत होते. घरी येऊन त्यानं मला परत जागेवर लावलं आणि सुनेला सांगितलं, "झाला दुरुस्त."

समृद्धीचा चेहरा उजळला असणार. मला दिसला नाही, पण तिनं माझ्या अँटेना फडक्यानं पुसल्या त्यावरून कळलं. बुधवार, गुरुवार लहान कॉल होते, ते कसेबसे पार पडले. तीच वायर, तोच मी आणि त्याच तीन भिंती. खरं काय ते घरात दोघांनाच माहीत होतं, मला आणि तुळशीरामला. त्यातल्या फक्त एकाला तोंड होतं.

शुक्रवारी अकरा वाजता एका इस्पितळातून कॉल आला. पेशंट काशिराम, सत्तरीचे, एकटे, लिहिता-वाचता न येणारे. पोटाचं ऑपरेशन होतं. सोबत कुणी नातेवाईक नव्हते. डॉक्टर घाईत होते.

"त्यांना विचारा, रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती ना? की घेतायत अजून?"

समृद्धीनं हातांनी विचारलं. काशिरामांचा हात उचलला गेला आणि तिथेच, हवेत अर्ध्यावर, चित्र थांबलं.

माझ्याकडून मी काही कसूर केली नाही. येईल तो तुकडा मी उचलत होतो, पण येतच नव्हतं काही. आवाज तेवढा तुटक तुटक येत होता.

"काय म्हणतायत? बंद केलीय ना? मान हलवतायत," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, मला दिसलं नाही. चित्र अडकलंय."

"अहो मॅडम, माझं थिएटर रिकामं बसलंय. बंद केलीय असंच म्हणत असणार."

"मला दिसलं नाही तर मी सांगणार नाही," समृद्धीचा आवाज चढला. "अंदाजानं मुळीच सांगणार नाही. माझं काम गेलं तरी चालेल."

दार लावलेलं होतं, तरी हे शेवटचं हॉलपर्यंत गेलं. हॉलमध्ये तुळशीराम पेपर घेऊन बसला होता. गोदू स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"दुरुस्त झाला म्हनलात ना तुमी?"

मी तुळशीरामची पावलं ऐकली. शोकेसपाशी गेला, परत आला, परत गेला. आणि मग फोन लावल्याचा आवाज.

"जावईबापू, तुमी लावलाय ते चुकीचा हाय. तो दुसरा बँड चालू करा. आत्ता. मानूस तिकडं इस्पितळात अडकलाय आनि माजी सून..."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे अवधूत म्हणाला, "अहो मामा, मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना! थांबा, इथूनच करतो. एक मिनिट सगळं बंद पडेल, घाबरू नका."

एवढंच. ज्या गोष्टीला हे घर दोन आठवडे घाबरलं होतं, ती एवढीच होती.

राउटर बंद होऊन चालू झाला. तो एक मिनिट माझ्यापाशी काहीच नव्हतं, अगदी काहीच. समृद्धी खुर्चीवरून उठली नाही. मग मला लांबून ओळखीचा आवाज आला, सावकाश, पण तीन भिंती आणि एक दार ओलांडून आलेला. मी तो धरला. कॉल पुन्हा जुळला.

पडद्यावर काशिराम तसेच होते. हात अजून हवेतच. समृद्धीला वाटलं चित्र अजून गोठलेलंच आहे, आणि तिच्या तोंडून "अरे देवा" निघालं. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या पापण्या लवल्या. ते वाट बघत होते. तिकडे त्यांच्या पडद्यावरून समृद्धी नाहीशी झाली होती, डॉक्टर घाई करत होते, पण आपलं सांगणं अजून पोचलं नाही हे त्या माणसाला कळलं होतं आणि त्यानं हात खाली घेतला नव्हता. ती दिसताच त्यांनी चिमूट ओठांशी नेली. मग हातानं सूर्य वर येताना दाखवला.

"डॉक्टर, गोळी घेतलीय," समृद्धी म्हणाली. "आज सकाळीच."

ऑपरेशन पुढे ढकललं.

संध्याकाळी पाचला वल्लरी मॅडमचा फोन आला. तिसरी लाल खूण पडलीच होती, ती खोडता येणार नव्हती. पण डॉक्टरांनी लेखी कळवलं होतं की या बाईंनी अंदाजानं उत्तर दिलं असतं तर पेशंटच्या जिवावर बेतलं असतं. म्हणून समृद्धीची चाचणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं ठरलं. गोदू धावत आली आणि तिनं सुनेच्या हातावर साखर ठेवली. मागोमाग तुळशीराम आला. तो या खोलीत कधी बसायचा नाही, दारातूनच बोलायचा. आज आत येऊन पलंगाच्या कडेला टेकला.

मित्रांनो, तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. सगळे खूश होते. मी काही सांगू शकत नव्हतो आणि हेतलबेन काही घरी येऊन सांगणार नव्हती.

"मंगळवारीच म्हाईत होतं मला," तो म्हणाला. "दुकानवालीनं सांगितला होता, दुसरा बँड बंद हाय. जावयाचं नाव यायला नको म्हून मी खोटं बोललो. दुरुस्त-बिरुस्त काय झाला नव्हता."

समृद्धीच्या मुठीत साखर तशीच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी आज चुकून 'बंद केलीय' म्हणाले असते तर?"

तुळशीरामनं मान खाली घातली. समृद्धीला रडू येत होतं, रागही येत होता. तो तिनं लपवला नाही. "मी तुमच्या घरात तीन दिवस आनंदात होते," ती म्हणाली. "माझ्या अडॅप्टरला पुसत होते."

तो हात जोडायला लागला, तशी ती चटकन म्हणाली, "नको, तसं नको. एवढंच सांगा. पुन्हा काही कळलं तर आधी कुणाला सांगाल?"

या घरात 'आधी' हा मान ताटापासून सल्ल्यापर्यंत जावयाचा. त्याच्या मागून बाकीचे, आणि सगळ्यांच्या मागून सून. तुळशीरामनं मान वर केली.

"तुला," तो म्हणाला. "आधी तुला. मंग जावयाला."

तिनं मूठ उघडली, निम्मी साखर त्याच्या हातावर ओतली आणि उरलेली खाल्ली.

समृद्धीचं काम आजही चालू आहे आणि मीही. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू बिघडत नाहीत असं नाही. बिघडतातच. पण आम्हाला डबडं म्हणून पिशवीत कोंबण्याआधी बघत जा, आम्हाला कुठे ठेवलंय आणि मध्ये काय काय आलंय. आणि चूक कुणाचीही निघो, अगदी जावयाची निघो, ज्याचं काम अडलंय त्याला ती त्याच दिवशी सांगा. तिकडे कुणीतरी हात वर धरून बसलेलं असतं.